भाचीला थायलंडच्या शाळेत नोकरी: सल्ला हवाय

प्रेषक: सुखुमवित, बँकॉक

नमस्कार मंडळी,

माझी भाची सोलापूरला असते, गणित घेऊन बीएस्सी बीएड. तिला इसानमधल्या, म्हणजे ईशान्य थायलंडातल्या, एका सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायची ऑफर आलीय, एजन्सीमार्फत. एजंट म्हणतो, आधी टुरिस्ट म्हणून या, कागदपत्रं मागाहून करू. ताई मला रोज फोन करतेय. मी पडलो केमिकलवाला, थाई शाळा फक्त सकाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर बाहेरून पाहतो. आपल्या मंडळातले तुम्ही दोघं-तिघं इथल्या शाळांत शिकवता. रोजचा दिवस कसा जातो, पगार पुरतो का, एकट्या मुलीनं तिकडे राहावं का, मोकळेपणी लिहा. घरचे शाकाहारी आहेत, त्यामुळे जेवणाचंही लिहा.

*

प्रेषक: खोन केन

दादा,

आधी एजंटचं बघू. टुरिस्ट म्हणून येऊन वर्गावर उभं राहणं बेकायदा आहे. पकडलं गेलं तर अडकणार भाची, एजंट नव्हे. शाळेनं पत्रं द्यायची, त्यावर थाई वकिलातीकडून नॉन-बी, म्हणजे नोकरीसाठीचा, व्हिसा घ्यायचा, इथे आल्यावर वर्क परमिट आणि मग व्हिसाची वर्षभराची मुदतवाढ, असा क्रम आहे. शिवाय शिक्षक परिषदेची, म्हणजे इथल्या भाषेत ‘खुरुसफा’ची, परवानगी लागते. तात्पुरती मिळते ती दोन वर्षांची. वर्क परमिट त्या नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी सुटली की देशात राहण्याचा आधारही सुटला. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा, राहून गेलं तर २,००० बाट दंड. आणि घरमालकानं टीएम-३०, म्हणजे परदेशी भाडेकरूच्या नोंदीचा फॉर्म, भरलाय ना, हे खोली घेतानाच विचारावं. त्या एका कागदावाचून पुढचं सगळं अडतं.

आता दिवस. साडेसातला शाळेत. ज्या दिवशी फाटकावर ड्यूटी त्या दिवशी त्याहून लवकर. पोरं एकेक करून थांबतात, हात जोडतात, पुढे जातात. आठ वाजता झेंडा आणि राष्ट्रगीत, मग प्रार्थना, मग मुख्याध्यापकांचं भाषण, सगळं थाईत आणि उन्हात. सोमवारी थाई शिक्षक खाकी सरकारी गणवेशात, आम्ही परदेशी बहुतेक पिवळ्या टी-शर्टात. मधे एक दिवस अख्खी शाळा स्काउट होऊन येते. शुक्रवारी हातमागाचं कापड. कोणत्या दिवशी काय घालायचं हे भाचीला अभ्यासक्रमाच्या आधी कळेल, आणि अभ्यासक्रम कदाचित कळणारच नाही.

वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुलं. आत पाऊल टाकलं की मॉनिटर ओरडतो, सगळे उठतात आणि एका सुरात ‘गुड मॉर्निंग टीचर’. आपण ‘हाऊ आर यू’ म्हणायचं की ‘आय ॲम फाइन थँक यू ॲण्ड यू’ एका दमात, पाढे म्हटल्यासारखं. त्यातल्या एखाद्याला बाजूला घेऊन तेच विचारा, पोरगं जमिनीत शिरायला बघतं. चुकलो तर सगळ्यांसमोर हसं होईल, ही भीती इथे फार खोल आहे. म्हणून मी एकेकट्याला उभं करणं सोडून दिलंय. चौघांचा गट, एक उत्तर, आणि चूक झाली तर ती गटाची.

वह्या मात्र बघत राहाव्यात अशा. फळ्यावर मी तीन वाक्यं लिहिली की पोरी पट्टी काढतात. शीर्षक लाल शाईनं, खाली दोन रेघा, मजकूर निळा. एक अक्षर वाकडं गेलं की पांढऱ्या करेक्शन पेनानं ते झाकायचं, फुंकर मारून वाळवायचं, मग वरून परत लिहायचं. तास संपतो तेव्हा पान छापल्यासारखं झालेलं असतं आणि त्यातलं एक वाक्य कुणालाही बोलता येत नाही. थाईत शब्दाच्या शेवटी ‘ल’ टिकत नाही, त्याचा ‘न’ होतो. त्यामुळे ‘स्कूल’चं ‘सकून’ आणि ‘ॲपल’चं ‘ॲप्पेन’, जोर शेवटावर. यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडचे ‘इस्कूल’वाले आठवा.

नापास हा प्रकार जवळपास नाहीच. श्रेणी ० ते ४. शून्य मिळालं तर मूल पुन्हा परीक्षा देतं, नाहीतर राहिलेलं काम आणून देतं, आणि शून्य पुसलं जातं. सत्र संपताना वर्षभर न दिसलेली पोरं दारात वह्यांचा गठ्ठा घेऊन उभी. घ्यायचा. न घेतला तर थाई सहकारी गोड हसून तुमच्या वतीनं घेईल.

आणि तास होईलच असं धरून चालू नये. क्रीडा सप्ताह, स्काउटचा कॅम्प, कुणी पाहुणा, देवळातला कार्यक्रम. सूचना ‘लाइन’ ॲपच्या ग्रुपवर असते, थाईत, आदल्या रात्री. आम्हाला ती रिकाम्या वर्गात पोचल्यावर समजते.

थोडक्यात दादा, मान भरपूर, अधिकार शून्य. हे ज्याला चालतं तो इथे रमतो.

*

प्रेषक: बांग ना

सर, तुम्ही पोरीला घाबरवताय. आपल्याकडे झेडपीच्या मास्तरांना जनगणना आणि निवडणुकीच्या ड्यूट्यांतून सवड मिळत नाही, निकाल लागला की पालक भांडायला दारात. इथे निदान पोरं हात जोडतात. मानाचं काही मोल आहे की नाही?

*

प्रेषक: खोन केन

काका,

आहे ना. जूनमध्ये एका गुरुवारी ‘वाय ख्रू’ असतो, गुरुवंदना. आम्हाला मंचावर ओळीनं बसवतात आणि प्रत्येक वर्गातली दोन मुलं फुलांची तबकं घेऊन गुडघ्यांवर सरकत समोर येतात. तबकात ठरलेल्या गोष्टी: इक्झोराची फुलं, सुईसारख्या तल्लख बुद्धीसाठी. वांग्याची फुलं, कारण ती खाली झुकतात. आणि दूर्वा, हो, आपल्याच दूर्वा, ज्ञान तसं पसरावं म्हणून. पहिल्या वर्षी माझ्यासमोर वाकलेलं पोरगं होतं आठवड्यापूर्वी माझ्या तासाला मागच्या बाकावर घोरणारं. आमच्या नृत्य-संगीताच्या खोलीत गणपती आहे, त्याच्यापुढे लाल सरबताची बाटली, स्ट्रॉ घालून. हे सगळं मला मनापासून आवडतं, म्हणून तर टिकलोय.

पण मानानं घरभाडं भरत नाही. एजन्सी शाळेकडून पैसे घेते, स्वतःचे कापते आणि उरलेले देते. मार्च ते मेच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. करार दहा महिन्यांचा असेल तर त्या दिवसांत पगार बंद, खोलीचं भाडं चालू. हे आधी विचारलं तर घाबरवणं कसं काय?

*

प्रेषक: नोन्थाबुरी

दादा, सरांनी लिहिलं ते खरं आहे, पण सरकारी शाळेत इंग्रजीच शिकवायला हवं असं कुणी सांगितलंय?

इथल्या जाहिरातीत ‘नेटिव्ह’ म्हणजे पासपोर्ट. ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कधी दक्षिण आफ्रिका. त्यांना सरकारी शाळेत ३०-४० हजार बाट मिळतात, तेव्हा त्याच कामाला आपल्याला आणि फिलिपिनो शिक्षकांना बरेचदा निम्म्याच्या आसपास. वर आपल्याकडून टोईक या इंग्रजी परीक्षेचा दाखला मागतात, अनेक ठिकाणी ६०० च्या वरचा. माझ्या शेजारच्या टेबलावरची फिलिपिनो मैत्रीण दहा जणींना पुरून उरेल असं शिकवते. व्याकरणाची शंका आली की ‘नेटिव्ह’ महाशय तिलाच विचारायला येतात. पगारपत्रकात याची कुठे नोंद नाही. याचा मला राग येतो आणि तो येत राहावा असंच वाटतं.

पण भाचीकडे गणित आहे. अनेक शाळांत इंग्लिश प्रोग्राम असतो, त्याला सगळे ईपी म्हणतात. गणित-विज्ञान इंग्रजीतून, पालक वेगळी फी भरतात, वर्ग लहान. तिथे आपल्या पदवीला आणि बीएडला किंमत आहे आणि उच्चारांवरून कुणी नाक मुरडत नाही. मी तिथेच आहे. तिला म्हणावं, इंग्रजीची जागा धरून बसू नकोस, गणिताची शोध, आणि करार थेट शाळेशी कर.

राहण्याचं म्हणाल तर एकटी मुलगी इथे रात्री आठला खुशाल बाजारात जाते. सोलापूरपेक्षा मोकळं वाटेल, ताईंना हे सांगू नका. गावाकडे खोली तीन ते पाच हजार बाटात मिळते. स्कूटरशिवाय मात्र पान हलत नाही, म्हणून लायसन्स भारतातूनच काढून आणावं आणि हेल्मेट घालावं. मंडळातल्या पोरांनाही हे परत एकदा.

जेवण. ‘मंगसविरत’, म्हणजे शाकाहारी, म्हटलं तरी वर फिशसॉस पडतोच, कारण तो त्यांच्या हिशेबात मीठ आहे. ‘जे’ म्हणायचं. जे म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, लसूण-कांदाही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात नऊ दिवस ‘जे’चा सण असतो, सगळीकडे पिवळे झेंडे, तेव्हा चंगळ. एरवी शाळेच्या कॅन्टीनमध्ये भात, तळलेलं अंडं आणि काकडी यावर दिवस निघतात. अंडं चालत असेल तर निम्मा प्रश्न सुटला, नसेल तर डबा. डाळी आणि मसाले बँकॉकच्या फाहुरात बाजारात मिळतात. इसानमध्ये हंगामात ‘खाओ माओ’ मिळतो, कोवळ्या भाताचे हिरवे पोहे, फोडणीला टाकून बघावेत. खोन केनच्या सरांनी नक्की टाकले असणार.

आणखी दोन गोष्टी, पहिल्याच दिवशी लागतील अशा. मुलानं बरोबर उत्तर दिलं की आपला हात आपोआप त्याच्या डोक्याकडे जातो. आवरायचा. डोकं इथे शिवत नाहीत. दुसरं, राजघराण्याबद्दल वर्गात, स्टाफरूममध्ये, फेसबुकवर एक अक्षर नको, चेष्टेतही नाही. कलम ११२, शिक्षा ३ ते १५ वर्षं.

सुट्ट्यांचं ताईंना आधीच सांगून ठेवा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून महिनाअखेरपर्यंत सुट्टी, १ नोव्हेंबरच्या सुमारास दुसरं सत्र सुरू. २०२५ ची दिवाळी २० ऑक्टोबरला होती, घरी जाता आलं. २०२६ ची ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे फराळ पार्सलनं. सुट्टीत घरी जाताना री-एंट्री परमिट काढायला विसरू नये, एका वेळचं १,००० बाट. नाही काढलं तर वर्षभराची मुदतवाढ विमानतळावरच संपते.

*

प्रेषक: सुखुमवित, बँकॉक

मंडळी, सगळं भाचीला पाठवलं. तिनं एजंटला दोनच प्रश्न विचारले: करार किती महिन्यांचा, आणि व्हिसाची पत्रं शाळा कधी देणार. पहिल्याचं उत्तर आलं, दहा. दुसऱ्याचं उत्तर म्हणून एक हसरा स्टिकर आला. तो विषय संपला.

आता ती ईपीच्या गणिताच्या जागा शोधतेय. पदवी, गुणपत्रिका आणि पोलिसांचा दाखला साक्षांकित करायला टाकलाय. नोन्थाबुरीच्या ताई, तिचा अर्ज एकदा डोळ्याखालून घालाल का? आणि तिचा एक प्रश्न आहे, माझा नाही: शाळेत साडी चालते का?

*

प्रेषक: नोन्थाबुरी

पाठवा अर्ज, रविवारी बघते. फोटो जॅकेट घातलेला आणि हसरा लावा, इथे आधी फोटो बघतात, मग पदवी.

साडी शुक्रवारी चालेल, हातमागाचाच दिवस असतो. इरकल असेल तर आणायला सांगा. फक्त त्या दिवशी पहिला तास होणार नाही, कारण फोटोंसाठी अख्खी स्टाफरूम रांगेत उभी राहील. आणि स्कूटरवर साडी नको म्हणावं, शाळेत जाऊन नेसायची.