शनिवारचा पिक्चर: ए-४०४ च्या काकांची निवड

सी-१०१ (सेक्रेटरी): शनिवारी ८ वाजता गच्चीवर पिक्चर. या वेळी ए-४०४ चे काका निवडणार. खुर्च्या आपापल्या आणा.

बी-२०३ ताई: काका, सबटायटलवाला नको हो. वाचेपर्यंत भजी गार होतात.

ए-४०४ काका: सबटायटल आहेत, पण घाम फुटल्यावर वाचायचं सुचणार नाही. 'द वेजेस ऑफ फिअर', १९५३. चार माणसं, दोन ट्रक, मागे नायट्रोग्लिसरीन. धक्का बसला की खलास. नायक ईव्ह मोंताँ.

बी-५०२: आपला टँकरवाला 😄

ए-४०४ काका: तो पाणी आणतो म्हणून वाचलोय.

सी-३०४ आजी: मोंताँ म्हणजे तो गाणारा ना? पॅरिसचा?

ए-४०४ काका: गाणाराच, आजी. पण जन्म इटलीतला, तोस्कानात, १९२१. खरं नाव इव्हो लिव्ही. वडील मुसोलिनीच्या विरोधातले, म्हणून बिऱ्हाड फ्रान्सला, मार्सेय बंदरात हललं. पोराची शाळा लवकर सुटली. मग कारखाना, बहिणीचं सलून, गोदीतली हमाली. नावाची गंमत तो स्वतःच सांगायचा. हा खाली खेळत असायचा आणि आई वरून ओरडायची, 'इव्हो, मोंता!' म्हणजे 'इव्हो, वर ये!' स्टेजसाठी नाव हवं झालं तेव्हा त्या हाकेचंच आडनाव केलं.

ए-२०१: मी आत्ता चौथ्यांदा तीच हाक मारून आले. आमच्या चिरंजीवांचं आडनाव 'आलो-आलो' ठेवावं लागेल.

सी-३०४ आजी: आणि ती गायिका, एदित पियाफ?

ए-४०४ काका: १९४४ ला पॅरिसच्या मुलाँ रूज थिएटरात भेटली. त्याची काउबॉय छाप गाणी तिनेच सोडायला लावली. 'ऑटम लीव्ह्ज'चं मूळ फ्रेंच गाणं त्याच्याच आवाजात घराघरात पोचलं. गायक म्हणून नाव होतंच, नट म्हणून खरा उभा राहिला तो शनिवारच्या पिक्चरने.

बी-५०२: कम्युनिस्ट होता ना पण?

सी-१०१ (सेक्रेटरी): ग्रुपवर राजकारण नको 🙏

ए-४०४ काका: सेक्रेटरीसाहेब, राजकारण वगळून मोंताँ सांगताच येत नाही. १९५६ ला हंगेरीत रशियन रणगाडे घुसले, तरी हा आणि बायको सिमोन सिन्योरे मॉस्कोला गेले. तिथे सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हला तोंडावर जाबही विचारला. पुढे १९७० ला 'द कन्फेशन'मध्ये याने आपल्याच पक्षाने छळलेला कम्युनिस्ट उभा केला, वजन उतरवून. इतरांना त्याचा 'झेड' पिक्चर आवडतो, मला हाच सगळ्यात मोठा वाटतो. ज्यावर श्रद्धा होती त्याचीच झडती घेतोय माणूस.

बी-२०३ ताई: त्याला थडग्यातून काढलं होतं ना? वाचलेलं आठवतं.

ए-४०४ काका: हो. १९९१ ला गेला, १९९८ ला डीएनएसाठी बाहेर काढला. हाच आपला बाप, असा एका मुलीने दावा लावला होता. जुळलं नाही.

ए-२०१: म्हणजे तिथेही 'वर ये'च!

सी-३०४ आजी: अगं!! 😂

सी-१०१ (सेक्रेटरी): एक्स्टेन्शन बोर्ड कोणाकडे आहे?