एलाचा बर्लिनवाला लाइव्ह अल्बम: शब्द खरंच विसरली होती का?

रविवारचा_रेडिओ:
कॉलेजात एका मित्राने अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झगेराल्डच्या 'मॅक द नाइफ: एला इन बर्लिन'ची कॅसेट भरून दिली होती, मग नोकरी संसार वगैरेत जॅझ सुटलंच, आणि परवा ॲपवर तो अल्बम अचानक समोर आला तर एका बैठकीत आख्खा ऐकला. काय आवाज आहे राव! तेव्हा इंग्लिश नीट कळायचं नाही त्यामुळे 'मॅक द नाइफ' या गाण्यात ती मधेच काय बडबडते याचा पत्ताच नव्हता, आता कळलं की बाई चक्क शब्द विसरल्यात. हे खरं की आधीच ठरवलेलं? आणि ॲपवर गाणी जास्त कशी, माझ्या कॅसेटवर ९च होती.

टेपवाला_आप्पा:
मूळ एलपी ९ गाण्यांचीच, १९९३च्या सीडीत १३ झाली. आणि विसरणं खरंच वाटतं हो, सुरुवातीलाच ती म्हणते की हे कुठल्या बाईने गायलेलं ऐकलं नाहीये, बघू शब्द आठवतायत का. अर्ध्यावर आठवत नाहीत, पण पॉल स्मिथचा पियानो, जिम हॉलची गिटार, कोणी थांबत नाही आणि ही जागच्या जागी नवीन ओळी जुळवते, बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँगने हेच गाणं गायलंय ते त्यातच घुसवते, वर लुईचा घोगरा आवाज काढून दाखवते. एक सूर हलत नाही. याच गाण्याला आणि अल्बमला ग्रॅमी मिळालं, बोला!

पुणेरी_पॅच:
आणि हे गायलं कुठे, तर बर्लिनमध्ये, १३ फेब्रुवारी १९६०. जर्मन नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइलच्या ज्या नाटकातलं हे गाणं ते १९२८ला बर्लिनमध्येच पहिल्यांदा झालं. आपल्याकडे पुलंनी त्याच नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' केला. म्हणजे समोर घरचंच पब्लिक आणि त्यांच्याच गाण्याचे शब्द विसरायचे, तरी टाळ्या ऐका 😄

सा_रे_गा_मॅक:
सगळे मॅक मॅक करतात पण माझ्या मते खरा माल त्याच्यानंतरचं 'हाऊ हाय द मून'. थोडा वेळ शब्द, मग नुसता स्कॅट, म्हणजे अर्थ नसलेल्या बोलांवर गाणं, तराणा ऐकणाऱ्याला लगेच भिडेल असा. मधे इतर गाण्यांचे तुकडे येतात ते पकडत बसायची मजा वेगळीच, शेवटाकडे 'स्मोक गेट्स इन युअर आईज'ची ओळ घेते आणि धुराच्या जागी डोळ्यात घाम गेला म्हणते. तेवढं गाऊन घाम येणारच की! मॅकची गंमत दोनतीनदा ऐकली की कळून जाते, हे नाही संपत.

रविवारचा_रेडिओ:
आप्पा, धन्यवाद. मून आज रात्री हेडफोन लावून. बर्लिनचीच अजून एक आहे का, कुठेतरी 'लॉस्ट टेप्स' वाचल्यासारखं वाटतंय?

टेपवाला_आप्पा:
आहे ना. १९६२ची मैफल, निर्माता नॉर्मन ग्रँट्झच्या संग्रहात टेप पडून होत्या, २०२०ला बाहेर आल्या. मॅक त्यातही आहे. पण आधी १९६०चीच पुन्हा ऐका, १९६२च्या मैफलीत ड्रमर वेगळा आहे आणि जिम हॉल नाही.