अनुभव धागा: केबलचं नेट सारखं तुटतंय? कोल्हापूरकरांनो, दोष कसा शोधता ते लिहा

वळीव सुरू झाला की आपल्याकडे नेटच्या तक्रारी वाढतात, आणि आषाढापर्यंत केबलवाल्याचा फोन लागेनासा होतो. ‘नेट गेलंय’ एवढंच कळवलं तर ‘मॉडेम बंद करून चालू करा’ एवढंच उत्तर येतं. म्हणून दोष वाय-फायमध्ये आहे, मॉडेममध्ये, घरातल्या केबलमध्ये की बाहेर, हे तुम्ही कसं ओळखता ते सांगा. आकडे, पार्ट, पायऱ्या लिहा. कंपन्यांची नावं नकोत.

रंकाळाकाठ
पहिलं काम म्हणजे वाय-फाय बाजूला काढा. लॅपटॉप लॅनच्या वायरनं थेट राउटरला जोडा आणि दोन खिडक्यांत सतत चालणारे दोन पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का आणि किती वेळात, हे तपासणारी कमांड) लावा. एक राउटरला (बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), दुसरा ८.८.८.८ ला (बाहेर इंटरनेटवरच्या एका सर्व्हरचा पत्ता). नेट अडकलं की दोन्हीकडे बघा. राउटरचा पिंग १ मिलिसेकंदाच्या आसपास स्थिर आणि बाहेरचा तुटतोय, तर दोष राउटरच्या पुढं आहे. राउटरचाच पिंग तुटला तर वायर, पोर्ट किंवा राउटर तपासा. वायरवर दोन्ही नीट चालतात आणि मोबाईलवरच अडकतंय, तर वाय-फायकडे वळा. तुटण्याची वेळ टिपून ठेवा. रोज रात्री ८ ते ११ संथ म्हणजे ऑपरेटरकडे गर्दी. पाऊस पडल्यावर तुटतं म्हणजे जोडात पाणी. वेळेचा कसलाच मेळ नसेल तर सैल जोड किंवा ॲडॉप्टर.

खांबापासून घरापर्यंत
कोॲक्सवर (टीव्हीची गोल जाड केबल) येणाऱ्या नेटचे निम्म्याहून जास्त दोष एफ-कनेक्टरमध्ये (केबलच्या टोकाचा पिळून लावायचा धातूचा जोड) सापडतात, असं माझं ठाम मत आहे. कनेक्टर उघडून उजेडात बघा. मधली तार तांब्याच्या रंगाची, चकचकीत हवी. काळी किंवा हिरवट दिसली, किंवा आवरणाखालच्या धातूच्या जाळीवर पांढरी भुकटी दिसली, तर पाणी आत गेलंय. नुसतं कनेक्टर बदलून भागत नाही. पाणी जाळीतून केबलच्या आत सरकत जातं, म्हणून स्वच्छ जाळी लागेपर्यंत केबल कापत मागं जायचं.

नवा जोड करताना आरजी-६ (घरात नेहमी वापरतात त्या जातीच्या कोॲक्स) केबलचं बाहेरचं आवरण साधारण १२ मिलिमीटर सोला, जाळी मागं दुमडा, पुढचं ६ मिलिमीटर पांढरं फोम काढा. कनेक्टर बसल्यावर मधली तार त्याच्या काठाबाहेर ३ मिलिमीटरच्या आसपास यावी. आखूड राहिली तर पकड धरत नाही. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी सिग्नल शॉर्ट. केबलवर पिळून बसवायचे कनेक्टर वापरू नका, कॉम्प्रेशनचेच (हत्यारानं दाबून बसवायचे) घ्या. हातानं घट्ट केल्यावर पान्यानं अगदी थोडा पीळ पुरे.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत वायरी गच्चीवरून गच्चीवर आणि तिथून खिडकीतून आत येतात. केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून गळून जातं. तसं नसेल तर पाणी केबलवरून ओघळत थेट कनेक्टरमध्ये उतरतं.

आणि खांबावर स्वतः चढू नका. केबल बऱ्याच ठिकाणी महावितरणच्या तारांना लागूनच गेलेली असते. तिथलं काम लाइनमनचंच.

डेसिबल
वरच्या प्रतिसादाला जोडून. केबल मॉडेमचं स्वतःचं पान बहुतेक वेळा १९२.१६८.१००.१ वर उघडतं. तिथं तीन आकडे बघा. येणाऱ्या सिग्नलची पातळी −७ ते +७ डीबीएमव्ही (केबलमधल्या सिग्नलची ताकद मोजायचं एकक) उत्तम. −१५ किंवा +१५ च्या बाहेर गेली तर मॉडेम टिकणारच नाही. एसएनआर, म्हणजे सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे तो आकडा, ३३ डेसिबलच्या वर हवा. मॉडेमकडून जाणारा सिग्नल ३५ ते ४९ डीबीएमव्हीमध्ये असावा. हा तिसरा आकडा लोक बघतच नाहीत आणि नेट तुटण्याचं कारण नेमकं तिथं असतं. तो ५१ च्या पुढं म्हणजे मॉडेम ओरडून ओरडून थकलाय. नोंदींमध्ये टी-३ दिसत असेल तर मॉडेमच्या हाकेला पलीकडून ओ मिळत नाहीये. ओळीनं १६ वेळा असं झालं की तो जोडणी सोडून पहिल्यापासून सुरुवात करतो.

यात स्प्लिटरचा (एका केबलचे अनेक फाटे करणारी डबी) वाटा मोठा असतो. दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेला ३.५ डेसिबल खातो, चार वाटांचा ७. जाताना ४४ वर आरामात चालणारा मॉडेम चार वाटांच्या स्प्लिटरमागं गेला की ५१ वर पोचतो. म्हणून खांबावरून आलेली केबल आधी दोन वाटांच्या स्प्लिटरला द्या, एक वाट थेट मॉडेमला, आणि टीव्हींसाठी दुसऱ्या वाटेवर हवे तेवढे फाटे काढा. रिकाम्या तोंडाला ७५ ओहमची टोपी लावाच. उघड्या तोंडातून मिक्सर-मोटारीचा गोंगाट आत शिरतो, आणि जाणारा सिग्नल नेमका त्या खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो.

मल्टिमीटर
मॉडेम आपोआप रीस्टार्ट होतोय? आधी ॲडॉप्टर. १२ व्होल्टचा ॲडॉप्टर मॉडेम चालू असताना ११.४ च्या खाली जात असेल तर बदला. नवा घेताना व्होल्ट तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेची प्लस-मायनस जुळलेली. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर मॉडेम चालू असूनही नेट नसेल, तर गल्लीतल्या ॲम्प्लिफायरला (केबलचा सिग्नल वाढवणारी पेटी) बहुधा बॅकअप नाही. घरात कितीही पैसे घाला, उपयोग नाही.

पेठेतला वाडा
दगडी भिंतीपलीकडं ५ गिगाहर्ट्झ पोचत नाही, आणि महागडा राउटर आणूनही पोचणार नाही. दुसऱ्या खोलीत लॅनची वायर नेऊन तिथं ॲक्सेस पॉइंट (वायरवरून नेट घेऊन वाय-फाय देणारा डबा) बसवा. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ यांतलाच निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. शेजारचे सगळे ६ वर असतील तर तुम्ही १ किंवा ११ वर जा.

आरजे-४५
बऱ्याच अपार्टमेंटमध्ये ‘केबलचं नेट’ म्हणजे जिन्यातल्या स्विचमधून आलेली लॅनची वायर असते. २०० एमबीपीएसचा प्लॅन आणि वेग ९४-९५ वर अडकतोय, तर बहुधा वायरीतल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलीये. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या (पिन १, २, ३, ६) पुरतात, म्हणून नेट बंद पडत नाही आणि दोष लपून राहतो. वायर शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर वळणावर तुटते. स्विचपासून १०० मीटरची मर्यादा पाळा.

हिरवं टोक
फायबर आलं असेल तर वरचं कोॲक्सचं गणित विसरा. फायबरच्या मॉडेमवरचा एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा म्हणजे प्रकाशच पोचत नाहीये. पॅचकॉर्ड (मॉडेमला जोडलेली फायबरची बारीक वायर) कपाटामागं चेपलीये का बघा, वळण किमान ३ सेंटिमीटर त्रिज्येचं ठेवा. हिरवं टोक हिरव्यातच, निळं निळ्यातच. येणाऱ्या प्रकाशाची पातळी −२७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) जवळ असेल तर पावसाळ्यात तुटणार. लाइनमनला मीटर लावून जोड तपासायला सांगा. टोकात डोळा लावून बघू नका, तो लेसर दिसत नाही पण इजा करू शकतो.

रंकाळाकाठ
एक राहिलं. वळवाच्या कडकडाटात नुसता प्लग काढून भागत नाही, कोॲक्स किंवा लॅनची वायरही मॉडेममधून काढा. पण ढग गडगडायच्या आधी, डोक्यावर आल्यावर नाही. तक्रार देताना तुटण्याच्या वेळा, पिंगचा फोटो आणि सिग्नलचे आकडे एकत्र पाठवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. तक्रार सुटली नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.