माळावर नेपियर लावावं का? दहा वर्षांचा करार मागतायत

माळकरी_जत:
नमस्कार मंडळी. जत तालुक्यात आमची साडेसहा एकर. दोन एकर विहिरीखाली, बाकी मुरमाड माळ. गेल्या आठवड्यात बायोगॅस प्रकल्पाच्या एजंटाने गावात बैठक घेतली. सुपर नेपियर (उंच वाढणारं चाऱ्याचं गवत) लावा, कांड्या आम्ही देतो, टनाला हजार रुपये. "पडीक जमीन कामाला येईल, वर प्रदूषण कमी केल्याचं पुण्य." आबा लावू म्हणतात. मला पाण्याची धास्ती. कुणाचा अनुभव?

जुना_मोगली:
भाऊ, एजंट तोच दिसतोय, पीक तेवढं बदललंय!

आमच्याकडे सांगोल्याला २००६ साली जेट्रोफा आला, म्हणजे आपला मोगली एरंड. त्याच्या बियांच्या तेलाचं बायोडिझेल करायचं होतं. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला होता, त्यानंतर गावोगाव एकच पाढा: पडीकात येतो, पाणी लागत नाही, शेळी तोंड लावत नाही. तिन्ही खरं. पण पाण्याशिवाय तो नुसता जगतो, बी धरत नाही, हे कुणी बोललं नाही. मी तीन एकर लावला. तिसऱ्या वर्षी बी निघालं दीड पोतं. एकाच घोसात एक फळ हिरवं, एक पिवळं, एक काळं, त्यामुळे दर आठवड्याला वेचायला बाया लावायच्या. मजुरी बियांच्या डोक्यावर बसली. पेंड विषारी, बैलापुढे टाकता येईना. मग खरेदी केंद्रालाच कुलूप. सरकारच्या २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचं होतं. २०१८ च्या धोरणात बायोडिझेलचं उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आलं. तोवर मी जेसीबी लावून झाडं उपटली होती.

खरं नुकसान वेगळंच झालं. त्या माळावर दिवाळीनंतर धनगरांची मेंढरं यायची. माळावर चरायची आणि रात्री खालच्या रानात बसायची, लेंडीखत आयतं मिळायचं. माळ बंद झाल्यावर त्यांनी वाट बदलली, आणि मी त्या रानाला पोत्यातलं खत विकत आणू लागलो. कागदावर पडीक, पण पडून कुठे होता तो माळ?

खतमाती:
प्रदूषण कमी केल्याच्या त्या पुण्याईचा हिशेबही तपासा. नेपियरच्या वर्षाला पाच-सहा कापण्या होतात आणि प्रत्येक कापणीबरोबर नत्र निघून जातं. ते युरियाने भरलं की थोडं नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं, आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. माळाच्या गवताचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो. नांगर घातला की त्यातला बराच हवेत सुटतो, म्हणजे पीक सुरुवातीलाच कर्जात. २००८ च्या एका अभ्यासात इंडोनेशियातली दलदलीची जंगलं तोडून लावलेल्या पामच्या बायोडिझेलला हे कर्ज फेडायला सुमारे ४२० वर्षं लागतील असं निघालं. तुमच्या माळाचं कर्ज तेवढं मोठं नाही, पण शून्यही नाही.

नेपियर वाईट पीक आहे असं मी म्हणत नाही, दुधाच्या जनावरांना उत्तम. प्रकल्पातली स्लरी, म्हणजे गॅस काढून उरलेला पातळ चोथा, परत तुमच्याच रानात येणार असेल तर युरिया बराच वाचतो. ते करारात लिहून घ्या. 

जुना_मोगली:
आणि दर बांधावरचा की कारखान्याच्या गेटवरचा, हे आधी विचारा. हिरव्या गवतात पाऊण हिस्सा पाणीच. डिझेल जाळून तुम्ही जतचं पाणी ट्रॉलीत भरून नेणार, आणि जतला पाणी टँकरने येणार!

माळकरी_जत:
विचारलं. दर गेटवरचा, प्रकल्प इथून साठ किलोमीटर. स्लरी ते बाटलीत भरून विकणार आहेत, आम्हाला "सवलतीत" देतील म्हणे. करार मोडला तर कांड्यांचे पैसे व्याजासकट परत. आबा अजून लावायच्याच बाजूने आहेत, पण साडेचार एकरांवरून विहिरीजवळच्या अर्ध्या एकरावर आलेत, तेही करार न करता, घरच्या दोन म्हशींसाठी. कांड्या कुणाकडे मिळतील?