परदेशात जेवण मागवताना: अ‍ॅपनं आपल्याला समजून घ्यावं, की आपण त्या गावाला?

शहापूरची लेक

मी बेळगावच्या शहापूरची. दीड वर्ष झालं, जर्मनीत लाइपझिगला नर्स आहे. गेल्या रविवारी दुपारची पाळी संपवून रात्री नऊला खोलीवर आले. इथं रविवारी दुकानं कायद्यानंच बंद असतात आणि शनिवारी सामान आणायचं राहून गेलं होतं. फ्रिजमध्ये दही आणि अर्धा कांदा. अ‍ॅपवरून भात आणि भाजीची करी मागवली. पाऊण तासानं फोन आला. पलीकडचा मुलगा घाईघाईनं बोलत होता, मला त्यातला ‘क्लिंगेल’ एवढाच शब्द कळला. क्लिंगेल म्हणजे दारावरची घंटा. चार मजले अनवाणी उतरून खाली गेले तोवर तो निघून गेला होता. ‘ग्राहक सापडला नाही’ असा निरोप आला, पैसेही परत मिळाले नाहीत.

इथं बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. खाली घंटांची पाटी असते आणि प्रत्येक बटणापुढं आडनाव. मी एका बाईंच्या घरात खोली घेऊन राहते, म्हणजे पाटीवर त्यांचं आडनाव आणि ऑर्डरवर माझं. पत्ता भरताना अ‍ॅपनं ‘घंटेवर कुणाचं नाव आहे?’ एवढं विचारलं असतं तरी मी जेवून झोपले असते. जन्मापासून इथं राहणाऱ्याला तो प्रश्न लागत नाही, नव्यानं आलेल्याला लागतो.

दुसरं म्हणजे पदार्थात काय आहे ते. युरोपात 14 अ‍ॅलर्जीकारक घटक जाहीर करावेच लागतात: गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, तीळ, मोहरी वगैरे. ते पदार्थाच्या नावापुढं बारीक अक्षरांच्या खुणांनी दिलेले असतात. पण मांस कशाचं, हे त्या 14 मध्ये येत नाही. जिलेटिनही येत नाही. खिमा नुसता ‘हाक’ म्हणून लिहिलेला असतो, आणि गाय-डुक्कर मिसळलेला खिमा इथं सर्रास मिळतो. आपल्याकडं पाकिटावरचा हिरवा ठिपका लहान पोरालाही कळतो. तसं काहीतरी अ‍ॅपवर ठळक दिसायला नको का?

बेळगावात केएलईच्या कॉलेजात शिकत होते तेव्हा मलेशियाच्या यूएसएम विद्यापीठाशी जोडलेला डॉक्टरकीचा अभ्यासक्रम तिथं चालायचा. त्यातली एक मलेशियाची मुलगी जेवण मागवलं की वाजणारा फोन माझ्या हातात द्यायची. मी कधी मराठीत, कधी कानडीत सांगायची, ‘अण्णा, मागच्या गेटला या.’ लाइपझिगच्या त्या जिन्यात मला तीच आठवली. माझ्याजवळ फोन द्यायला कुणी नव्हतं.

परदेशी राहणाऱ्यांनी अ‍ॅपकडून आणखी काय मागावं असं तुम्हाला वाटतं?

खानापूर रोडची काकू

बाळ, तू उपाशी झोपलीस हे वाचून जीव कळवळला. पण मागणी काही पटली नाही.

मी 22 वर्षं खानावळ चालवली. केरळची, बिहारची, कुठकुठली पोरं यायची. पहिल्या आठवड्यात बोट दाखवून मागायची, महिन्याभरात ‘काकू, आमटी वाढा की’ म्हणायची. ताटावर बसलं की भाषा येते. आपल्या बेळगावात भाजीवाली मराठीत भाव सांगते आणि कानडीत पैसे मोजते, ते कुठल्या मोबाईलनं शिकवलं नाही. सगळं अ‍ॅपनंच सोपं करून दिलं तर पाच वर्षं राहूनही ते गाव तुला परकंच राहील. त्यापेक्षा शेजारणीशी ओळख काढ, भात-आमटी लाव.

आणि अ‍ॅपवर सोयी वाढल्या की त्याचे पैसे कुणाकडून जातात? मीही एका अ‍ॅपवर नाव घातलं होतं. कमिशन वजा केल्यावर ताटातली शेंगाची चटणी आणि दही परवडेना. गिऱ्हाइकाला उणं ताट द्यायला मन धजेना, म्हणून सहा महिन्यांत नाव काढलं.

निपाणी ते दुबई

काकू, ताटावर बसायला आधी ताट समोर यावं लागतं.

इथं पत्त्याची अडचण नाही. इमारतीच्या दाराशी ‘मकानी’ची पाटी असते, तिच्यावरचा 10 आकडी नंबर दिला की माणूस बरोबर दारात येतो. भाषेचीही नाही, हिंदीवर भागतं. अडचण पैशाची आहे. आम्ही एका खोलीत सहाजण. कमीत कमी एवढ्याचीच ऑर्डर, वर पोचवण्याचे वेगळे, असं धरलं तर एका जेवणात दोन दिवसांचा खर्च जातो. म्हणून आम्ही मेसवाला गाठतो, महिन्याचे पैसे देऊन दोन वेळचा डबा. परदेशात राहणारा म्हणजे क्रेडिट कार्डवालाच असं अ‍ॅप धरून चालतं, आणि ताई, तुमच्या लिहिण्यातही थोडं तेच आहे. मला अनुवाद नको. महिनेवारी डबा मिळावा, आणि एकाच खोलीतल्या सहाजणांची ऑर्डर एका खेपेत यावी.

नेहरूनगर रायडर

मी बेळगावातच हे काम करतो, चार वर्षं झाली. ताई, तो पोरगा गेला म्हणून तुम्हाला वाईट वाटलं असणार. पण तो घंटेपुढं उभा असताना त्याची पुढची ऑर्डर हॉटेलात थंड होत असते. थांबण्याचे पैसे आम्हाला मिळतात असं समजू नका.

बाहेरच्या विद्यार्थ्यांचा नकाशावरचा पिन पडतो केएलईच्या दवाखान्याच्या मोठ्या गेटवर आणि हॉस्टेल असतं मागं. जुलैच्या पावसात रेनकोट घालून तेवढी चक्कर मारून बघा. कितीतरी वेळा फोनही लागत नाही. ‘तिखट नको’ हा शेरा हॉटेलवाल्यासाठी असतो, पण जेवण तिखट निघालं की बोलणी मी खातो.

भाषांतरावर माझा भरवसा नाही. आग्नेय आशियात ग्रॅब नावाच्या अ‍ॅपच्या चॅटमध्ये आपोआप भाषांतर होतं म्हणतात, तिथं चालत असेल. पण आम्ही एका वाक्यात मराठी, कानडी आणि हिंदी बोलतो, त्याचं मशीन काय करणार? त्यापेक्षा गेटचा फोटो टाकायची सोय द्या. आणि ‘खाली या’, ‘गेटवर आहे’, ‘पाच मिनिटं थांबा’ अशी ठरलेली बटणं द्या, जी ज्याला त्याच्या भाषेत दिसतील. आणि मी पाच मिनिटं थांबलो तर त्याचे पैसे धरा.

कर्नाटकानं 2025 मध्ये आमच्यासाठी कायदा केला. कामगाराला मिळणाऱ्या मोबदल्याच्या 1 ते 5 टक्के इतकं कल्याण शुल्क कंपनीकडून घ्यायची तरतूद त्यात आहे. गिऱ्हाइकाच्या सोयींची यादी करताना आमचाही हिशेब त्यात येऊ दे.

शहापूरची लेक

दादा, थांबण्याच्या पैशांचं मी लिहायला हवं होतं, ते राहिलं. फोटोची कल्पना माझ्या मागणीपेक्षा चांगली आहे. निपाणीकर, तुमचंही खरं आहे, मी माझ्या खोलीपुरतंच बघितलं.

पण काकू, भाषेचं नाही पटत. जर्मनची बी-2 पातळी गाठल्याशिवाय इथं नर्सची नोंदणी होत नाही, ती मी गाठली. वॉर्डात आजी-आजोबांचं दुखणं-खुपणं त्यांच्या भाषेत विचारते. तरी गाड्यांच्या आवाजात फोनवर आलेली सॅक्सन बोली मला कळली नाही. मी शिकले नाही म्हणून उपाशी राहिले असं नाही हो. शिकूनही राहिले. आणि खिम्यात काय आहे हे लिहिलेलंच नसेल तर कितीही भाषा आली तरी वाचणार काय?

खानापूर रोडची काकू

मांसाचं पटलं. कुणाच्या ताटात काय पडतंय हे त्याला ठाऊक असायलाच हवं, माझ्या खानावळीत मी हे कधी चुकू दिलं नाही. बाकीच्या बाबतीत मी माझ्या जागी ठाम आहे. शिजवून जेव.

पाटीवर नाव लावलंस काय?

शहापूरची लेक

लावलं. घरवाल्या बाईंना विचारलं, त्यांनीच पट्टी कापून दिली. आपलं आडनाव लांब, दोन ओळींत बसवावं लागलं. पण मार्चमध्ये खोली बदलायची आहे आणि तिथं पुन्हा कुणाचं तरी दुसऱ्याचंच नाव असणार. म्हणून म्हणते, तो प्रश्न अ‍ॅपनंच विचारायला हवा.