तक्रार रुग्णाची, मग अपील फक्त डॉक्टरांनाच का?

नीरा_पुणे
बाबांच्या ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली आणि ते गेले. याला अडीच वर्षं झाली. चूक कुणाची होती, मुळात चूक होती का, हे मला आजही माहीत नाही, आणि मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत केस पेपर द्यावे लागतात. रुग्णालयाने आम्हाला पाच आठवडे खेटे घालायला लावले. मग राज्य वैद्यक परिषदेकडे, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेकडे, तक्रार केली. निकाल ६ महिन्यांत द्यावा असं त्याच नियमांत आहे, पण आमचा लागला सव्वा वर्षाने: ‘निष्काळजीपणा आढळला नाही.’ कारण एका शब्दानेही दिलेलं नाही.

पुढे काय, म्हणून कायदा वाचायला घेतला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९, कलम ३०(३): परिषदेच्या कारवाईविरुद्ध आयोगाच्या नैतिकता आणि नोंदणी मंडळाकडे डॉक्टर अपील करू शकतो. तिथे रुग्णाचा उल्लेखच नाही. या आयोगाच्या आधी असलेल्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत निर्णय मान्य नसलेल्या कुणालाही ६० दिवसांत अपील करता येत होतं. २०२० मध्ये कौन्सिल गेली आणि नव्या कायद्यात ती सोय आलीच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: परिषद लोकांच्या रक्षणासाठी असेल तर अपिलाचा हक्क दोन्ही बाजूंना हवा, आणि ऐकणाऱ्यांत डॉक्टर नसलेली माणसंही हवीत.

डॉ_तालुका
ताई, बाबांबद्दल वाईट वाटलं. केस पेपर अडवणं चूकच, त्यात दुमत नाही. पण मी वीस वर्षं तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतोय, आमची बाजूही ऐका. एकाच घटनेसाठी आम्हाला परिषद, ग्राहक आयोग आणि पोलीस ठाणं अशा तीन ठिकाणी उभं राहावं लागतं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या शांता खटल्यातल्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. त्यात अपिलाची आणखी एक पायरी वाढली, तर अवघड केस हातात घ्यायला कुणी धजणार नाही. सरळ शहरात पाठवतील, आणि पेशंट वाटेत जाईल. शिवाय सेप्सिस (जंतुसंसर्ग अंगभर भिनणं) किती तासांत हाताबाहेर जातो हे सामान्य माणूस कशावरून ठरवणार?

वकिलीण
डॉक्टर, तीन ठिकाणं आहेत हे खरं, पण तिथले प्रश्न वेगळे आहेत. ग्राहक आयोग भरपाई देतो, तो नोंदणी रद्द करू शकत नाही. फौजदारीत तर जेकब मॅथ्यू निकालाने (२००५) तुम्हाला संरक्षण दिलंय: दुसऱ्या डॉक्टरचं स्वतंत्र मत घेतल्याशिवाय पोलिसांनी पुढे जायचं नाही. ‘या माणसाने उद्या रुग्ण तपासावेत का?’ हा प्रश्न फक्त परिषद विचारते. तिथेच दार बंद झालं, तर रुग्णाला उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. तो खर्च किती जणांना झेपेल?

लीड्सकर
मी इथे नर्स आहे. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या वैद्यक परिषदेच्या, १२ सदस्यांपैकी ६ डॉक्टर नसलेले असतात. हे सुखासुखी घडलं नाही. हॅरॉल्ड शिपमन हा डॉक्टर २००० साली १५ रुग्णांच्या खुनांसाठी दोषी ठरला. पुढे चौकशी झाली, आणि कौन्सिल डॉक्टरांचं हित आधी बघते असा ठपका बसला. आता गैरवर्तनाची सुनावणी वेगळं न्यायाधिकरण करतं, तीही सहसा खुली असते. रुग्णाला थेट अपील इथेही नाही. पण शिक्षा फार सौम्य वाटली तर नियामकांवर देखरेख करणारी संस्था प्रकरण उच्च न्यायालयात नेऊ शकते. डॉक्टर, वैद्यकीय बाजू तज्ज्ञ सांगतात. सामान्य सदस्य विचारतो, ‘नातेवाइकांना हे त्याच दिवशी का नाही सांगितलं?’ हे विचारायला एमबीबीएस लागत नाही.

आजीचा_नातू
थोडं विषयांतर. डॉक्टरची नोंदणी निदान रद्द तरी होऊ शकते. आमच्या आजीला सांभाळायला ब्युरोकडून (घरी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून) आलेल्या मावशींनी तिला उपाशी ठेवलं. ब्युरोने त्यांना काढलं. महिन्याभरात त्या दुसऱ्या ब्युरोतर्फे शेजारच्या सोसायटीत कामाला लागल्या! अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्यांची कुठे नोंदच नसेल, तर तक्रार न्यायची कुठे?

लीड्सकर
@आजीचा_नातू, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये घरी येणाऱ्या केअररचीही नोंदणी असते. इंग्लंडमध्ये अजून नाही, आणि मला ते खटकतं.

डॉ_तालुका
देखरेख करणाऱ्या संस्थेची कल्पना पटली. पण सुनावणी खुली नको. ब्रिटनमध्ये चौकशी चालू असताना दवाखान्यावर जमाव येत नाही. आमच्याकडे तोडफोड झाली तेव्हा माझी बायको आत होती. निकाल लागेपर्यंत नाव गुप्त ठेवा, मग कारणांसकट सगळं छापा.

नीरा_पुणे
डॉक्टर, तुमच्या घरावर जे गुदरलं ते वाचून फार वाईट वाटलं. निकालापर्यंत नाव गुप्त ठेवणं मला मान्य आहे. पण अपिलाचा आग्रह मी सोडणार नाही. तुम्ही कारणांसकट छापा म्हणालात. आमच्या कागदावर दोन पानं कारणं असती, तर कदाचित मी तिथेच थांबले असते. आई अजून विचारते, रविवारी रात्री त्यांना आयसीयूत का नेलं नाही, आणि माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नाही.