मदत हवी आहे: काठी घेऊन चालणाऱ्या बाबांसाठी मालदीवमधलं बेट कसं निवडावं?

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात आम्ही सहाजण मालदीवला जायचं म्हणतोय. मी, नवरा, दोन मुली (मोठी ९ वर्षांची, धाकटी साडेतीन) आणि माझे आईबाबा. आई ६७ वर्षांची, बाबा ७४. बाबांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय, दुसरा जेमतेम साथ देतो. घरात भिंतीला धरून चालतात, बाहेर काठी लागतेच.

तीन आठवडे रिसॉर्टांचे फोटो बघतेय. निळं पाणी, झुला, तरंगता नाश्ता, सगळं दिसतं. खोलीच्या दारापासून पाण्यापर्यंत वाट कशी आहे, हे एकाही फोटोत दिसत नाही. मला तेवढंच हवंय.

कारण सांगते. गेल्या वर्षी आम्ही एका किनाऱ्यावर गेलो होतो. गाडी लावली तिथून पाणी दिसत होतं, मध्ये कोरड्या भुसभुशीत वाळूचा पट्टा. पहिल्याच पावलाला बाबांची काठी चार बोटं आत रुतली. त्यांनी ओढून काढली, पुढे टेकवली, पुन्हा रुतली. सहा-सात पावलांनी ते थांबले आणि म्हणाले, "तुम्ही या जाऊन, मी इथून बघतो." आम्ही दोन्ही बाजूंनी धरून न्यायला तयार होतो, पण त्यांनी मान हलवली. मग दीड तास ते कठड्यावर बसून होते, सगळ्यांच्या चपला सांभाळत. धाकटीने ओंजळीत समुद्र भरला आणि त्यांच्याकडे पळत गेली. पोचेपर्यंत ओंजळ रिकामी झाली होती, तर तिने ओले हातच त्यांच्या पावलांना पुसले.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच आहे. बाबांना कुणाचा हात न धरता, मनात येईल तेव्हा, पाण्यात पाय बुडवता आले पाहिजेत. सकाळी सहाला वाटलं तर सहाला. बाकी सगळं त्यानंतर.

आता अडचणी.

ज्यांना विचारावं ते म्हणतात, मालदीवला जाऊन पाण्यावरचा व्हिला घेतला नाही तर काय केलं! मला तो पटत नाहीये. लाकडी पुलावरून बरंच चालत जायचं, आणि पाण्यात उतरायला उभा जिना. धाकटीचं तर बोलायलाच नको. डेकला सगळीकडे कठडा नसतो. काही रिसॉर्ट लहान मुलांना तिथे ठेवूच देत नाहीत, काही पालकांकडून लिहून घेतात. म्हणजे किनाऱ्यावरचा व्हिलाच. पण त्यातही कुठे पायऱ्या, कुठे न्हाणीघर उघड्यावर आणि फरशी ओली.

दुसरं, जायचं कसं. विमान उतरतं ते वेलाना विमानतळावर, राजधानी मालेच्या शेजारच्या हुलहुले बेटावर. पुढे दूरच्या बेटांना सीप्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान), जवळच्यांना स्पीडबोट. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं आणि आमचं विमान दुपारी उशिरा पोचतंय. चुकलं तर रात्र माले किंवा शेजारच्या हुलहुमालेत काढायची. शिवाय त्या छोट्या विमानात शिडीने चढायचं, आत वाकून चालायचं. बाबांना हे जमेल का, कुणी अनुभवलंय का? देशांतर्गत विमान रात्रीही असतं म्हणे, पण त्यानंतर पुन्हा बोट, म्हणजे दोनदा चढउतार.

तिसरं, मे महिना. मुलींच्या सुट्ट्या तेव्हाच आहेत, त्यामुळे बदलता येत नाही. नैऋत्य मोसमी वारे तेव्हा सुरू होतात हे ठाऊक आहे. पावसाची मला काळजी नाही, लाटांची आहे.

एका एजंटने आधी फक्त खोल्यांचा आकडा सांगितला होता. आम्ही होकार दिल्यावर बोटीचं माणशी भाडं, कर, सेवाशुल्क अशी एकेक भर पडत गेली. तिथेच थांबवलं. आता थेट रिसॉर्टशी बोलतेय, तेव्हा त्यांना नेमकं काय विचारावं हेही सांगा.

आणि हो, आईला पोहायला येत नाही, पण तिला एकदा तरी मासे पाण्याखाली बघायचेत. तिने हे गेल्या महिन्यात भाजी निवडता निवडता, मान वर न करता सांगितलं. आजवर आमच्यापैकी कुणाला माहीतच नव्हतं.

प्रतिसाद: खारावारा

ताई, तुमचा प्रश्न बरोबर जागी आहे. आम्ही सासूबाईंना घेऊन दोनदा गेलो, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, "हाउस रीफ अगदी जवळ" असं जाहिरातीत दिसलं की पुढे चला. रीफ म्हणजे बेटाभोवतीची पोवळ्यांची रांग; ती जवळ म्हणजे थोड्याच अंतरावर पाणी एकदम खोल होतं. स्नॉर्कल (मास्क आणि नळी लावून पाण्याखाली बघणं) करणाऱ्यांसाठी ते उत्तम, पण तुम्हाला हवंय रुंद, उथळ लगून (रीफच्या आतलं शांत पाणी), जिथे पन्नास पावलं गेलं तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. उपग्रहाचा नकाशा उघडून बेट बघा. फिकट निळ्या रंगाचा पट्टा जिथे रुंद आहे ती बाजू तुमची. गडद निळा रंग किनाऱ्याला येऊन टेकला असेल तर ती नको.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. तिथली वाळू एका जागी राहत नाही. वारे बदलले की ती बेटाच्या एका बाजूची दुसऱ्या बाजूला सरकते. जानेवारीत ज्या व्हिलासमोर ऐसपैस किनारा असतो, तिथेच पावसाळ्यात पाणी पायऱ्यांपर्यंत येतं, कधी वाळूच्या गोण्या रचलेल्या असतात. मे म्हणजे नेमका बदलाचा काळ. त्यामुळे वेबसाइटवरचा फोटो सोडून द्या आणि त्यांच्याकडे मागच्या मे-जूनमधला, त्याच क्रमांकाच्या व्हिलासमोरचा फोटो मागा. देतात, मी मागितलाय.

नैऋत्य वाऱ्यात बेटाच्या पश्चिमेकडची बाजू खवळते, पूर्वेकडची बऱ्यापैकी शांत असते. सूर्यास्त दिसणारा व्हिला महाग असतो आणि मे महिन्यात तुम्हाला तो नकोच आहे. सूर्योदयाचा घ्या. बाबा सहाला उठणारे आहेत ना!

आणि हे नक्की विचारा: स्वागतकक्षात आणि जेवणाच्या जागी जमीन कसली आहे? बऱ्याच बेटांवर तिथेही वाळूच पसरलेली असते. फोटोत छान दिसते, पण काठीवाल्या माणसाला दिवसातून तीनदा ती तुडवावी लागते. आमच्या पहिल्या खेपेला सासूबाईंनी त्यापायी दोन दिवस जेवण खोलीतच मागवलं.

काठीसाठी रुंद तळाचं रबरी बूच मिळतं, ते लावा. कोरड्या वाळूत पूर्ण उपाय नाही, पण रुतणं बरंच कमी होतं. पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते, तिथे साधी काठीही चालते. म्हणजे प्रश्न फक्त मधल्या कोरड्या पट्ट्याचा उरतो. तो जितका अरुंद तितकं बरं.

प्रतिसाद: दिवादांडी

स्पीडबोटच घ्या. उत्तर किंवा दक्षिण माले अ‍ॅटोलमधली (अ‍ॅटोल म्हणजे पोवळ्यांच्या बेटांचं कडं) बरीच बेटं तासाभराच्या आत येतात, रात्रीही नेतात. बाबांना मागच्या बाजूला बसवा. पुढच्या भागात आदळआपट जास्त होते, पाठीला आणि गुडघ्याला त्रास होतो. चढताना घाई करू नका. बोट वरखाली होत असते, ती वर आली की पाऊल टाकायचं. खलाशी दोन्ही हात धरतात, ते मात्र धरू द्या.

खर्चाचं: हरित कर रिसॉर्टमध्ये माणशी, दर दिवशी १२ डॉलर आहे (२०२५ पासून, आधी ६ होता). पर्यटनावरचा जीएसटी जुलै २०२५ पासून १७ टक्के, शिवाय साधारण १० टक्के सेवाशुल्क. "सगळे कर आणि दोन्ही बाजूंची बोट धरून सहा जणांचे एकूण किती" एवढं एकच वाक्य लिहा आणि उत्तर लेखी मागा.

निघण्याच्या आधीच्या ९६ तासांत प्रत्येकाचं इमुगा (मालदीव सरकारचं) प्रवासपत्रक ऑनलाइन भरायचं, धाकटीचंही. ते फुकट असतं. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते खरं नव्हे.

प्रतिसाद: पाणकावळा

लहान मुलांसाठी एक कळकळीची विनंती. दंडांवर फुगवायच्या पट्ट्यांवर विसंबू नका. त्या सुटतात, सरकतात. धाकटीच्या वजनाचं, पायांमधून पट्टा असलेलं तरंगायचं जॅकेट घरूनच न्या. तिथे मोठ्या मुलांची मापं मिळतात, साडेतीन वर्षांच्या मुलीला बसेल असं मिळेलच याची खात्री नसते. पाण्यात असताना एक मोठं माणूस फक्त तिच्यावर, हाताच्या अंतरावर. "सगळे बघतायत" म्हणजे कुणीच बघत नसतं.

आईंसाठी: जॅकेट घालून, गाइडच्या गोल तरंगत्या कड्याला धरून, उथळ लगूनमध्ये फक्त चेहरा पाण्यात घालायचा. पोहता येण्याची गरज नाही. मास्कची सवय आधी घरी करून घ्या. बादलीत पाणी घेऊन, तोंडाने श्वास. पहिल्यांदा श्वास कोंडल्यासारखं होतं, ते घरात झालेलं बरं. मासे बघायला खोल जावं लागत नाही. जेटीच्या खांबांभोवतीच ढिगाने असतात. काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क किनाऱ्याशी फिरतात, ते माणसाला टाळतात. मुलींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरतील.

सगळ्यांना रबरी तळाचे पाणबूट. पोवळ्याचे तुकडे पायाला लागतात, आणि बाबांना मधुमेह असेल तर ते अनवाणी नकोतच.

प्रतिसाद: निळीरेघ

मी थोडं वेगळं सांगतो. सीप्लेन अगदीच वाईट नाही. माझे वडील ७० चे होते, शिडीच्या चार-पाच पायऱ्या आम्ही आधार देऊन चढवल्या. वरून अ‍ॅटोलची कडी दिसतात ती पाहून ते परतीपर्यंत त्याबद्दलच बोलत होते. पण गुडघा वाकत नसेल तर आत जागा फार अरुंद आहे, आणि सामान माणशी २० किलो अधिक हातातलं ५ किलो. तुमच्या बाबांचा गुडघा किती वाकतो त्यावर ठरवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. खारावारा, तुमचा वाळू सरकण्याचा मुद्दा वाचून मी हातातली दोन बेटं यादीतून काढली. बाबांना मधुमेह आहे, त्यामुळे पाणबूट त्यांच्यासाठी आधी घेतले.

निळीरेघ, बाबांना विचारलं. ते खुर्चीत बसून गुडघा वाकवून बघत होते, मग म्हणाले, "वरून नको, जवळून बघू." तेव्हा स्पीडबोट.

तीन रिसॉर्टना पत्रं लिहिली: पूर्वेकडचा व्हिला, उथळ लगून, न्हाणीघरात धरायला दांडी, जेवणाची जागा फरशीची, आणि दारापासून पाण्यापर्यंत किती पावलं. एकाने माहितीपत्रक पाठवलं. दुसऱ्याने बग्गी आहे, काळजी नको, असं लिहिलं. तिसऱ्याकडून दोन दिवस उत्तर नव्हतं. काल आलं. तिथल्या कर्मचाऱ्याने स्वतः चालून मोजलं होतं: ओहोटीला ३४ पावलं, भरतीला २१, त्यातली कोरड्या वाळूची ११. सोबत काल सकाळचा फोटो. व्हिलाला दोन पायऱ्या आहेत, तिथे लाकडी उतार बसवून देऊ म्हणाले.

बाबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ही अकरा म्हणजे इथून त्या झाडापर्यंत का?" आज सकाळपासून ते आमच्या इमारतीच्या बागेतल्या मऊ मातीत अकरा पावलं चालून बघतायत. बुचासाठी काठी मोजली तर जाडी १९ मिलिमीटर भरते. त्या मापाचं रुंद बूच कुठल्या प्रकारचं घ्यावं, सपाट तळाचं की तीन पायांचं, हे कुणी वापरून पाहिलं असेल तर कृपया लिहा. मे महिन्याला अजून सात आठवडे आहेत.